धूम्रपानत्याग आणि त्याचे सातत्य

सिगारेट सोडणे आणि ती सुटलेली राहणे या दोन भिन्न क्रिया होत. पहिलीस निश्चय पुरतो; दुसरीस पूर्वयोजना लागते. हा भेद ध्यानी न घेतल्याने अनेकांचे प्रयत्न निष्फळ ठरतात. ह्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. साहाय्यावाचून सिगारेट सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच तिच्याकडे परतल्याचे त्यात आढळले. सहा ते बारा महिने अलिप्त राहिलेल्यांचे प्रमाण अवघे शेकडा ३ ते ५ होते.

या प्रारंभिक अपयशाचे एक प्रमुख कारण शारीरिक आहे. रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्मे होते. त्याच्या अभावी उद्भवणारी चिडचिड, अस्वस्थता व चित्ताची चंचलता पहिल्या आठवड्यात तीव्र असते आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरते. निकोटिनच्या पट्टीचा किंवा गोळीचा या काळात विशेष उपयोग होतो.

परंतु पुढे कित्येक महिन्यांनी, शरीरात निकोटिनचा लवलेशही नसताना, एकाएकी उसळणाऱ्या ओढीची उपपत्ती निराळी आहे. चहाचा पेला, भोजनोत्तर निवांतपणा, प्रबंधाचे अडलेले प्रकरण, सिगारेट ओढणारा मित्र ही वर्षानुवर्षे धूम्रपानाशी जोडली गेलेली उद्दीपके होत. पाव्हलॉव्हने वर्णिलेल्या अभिसंधानाच्या नियमानुसार ती जुनी प्रतिक्रिया जागृत करतात. उद्दीपकामागून सिगारेट आली नाही, असे वारंवार घडले म्हणजे ही प्रतिक्रिया क्षीण होते. मात्र समूळ नष्ट होत नाही. म्हणून आपली उद्दीपके आधीच ओळखून त्या प्रसंगी काय करावयाचे, हे ठरवून ठेवणे हितावह. ओढीचा आवेग बहुधा काही मिनिटांचाच असतो.

तरीही एखादी सिगारेट ओढली गेली तर? मार्लॅट व गॉर्डन यांनी १९८५ साली स्खलन आणि पुनरावर्तन यांत भेद केला. ‘आपण मुळातच दुर्बल’ असा अर्थ लावणारा मनुष्य एका सिगारेटीवरून पूर्वस्थितीस जातो. तीच घटना विशिष्ट परिस्थितीचा परिणाम मानणारा तिच्यापासून शिकतो व सावरतो. स्खलन निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ती धोक्याची सूचनाच होय.

पुनःपुन्हा प्रयत्न करण्याचे मोलही स्पष्ट आहे. ब्रिटिश डॉक्टरांच्या १९५१ पासूनच्या पन्नास वर्षांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार तिसाव्या वर्षी धूम्रपान सोडल्यास सुमारे १० वर्षांचे, पन्नासाव्या वर्षी सोडल्यास सुमारे ६ वर्षांचे आयुष्य लाभते. फसलेला प्रयत्न हा पुढील प्रयत्नाची सामग्री ठरावा, त्याच्या त्यागाचे निमित्त नव्हे.