मूल वाचायला शिकतं तेव्हा नेमकं काय घडतं?

आजचा विषय वरवर पाहता पहिलीच्या वर्गाचा आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने बाराखडीवर काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण शब्दाचा अर्थ येतो कुठून, हा आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वी रंगलेला वाद आहे, आणि तो रोज सकाळी पहिलीच्या वर्गात नव्याने उभा राहतो.

वाद थोडक्यात असा. मीमांसक शबरस्वामींचं म्हणणं, की शब्द म्हणजे वर्णच. एकेक वर्ण ऐकला की त्याचा संस्कार मनावर उरतो, आणि शेवटचा वर्ण ऐकताना आधीच्या संस्कारांच्या मदतीने अर्थ कळतो. ‘वाक्यपदीय’ लिहिणारा भर्तृहरी म्हणतो, तसं नाही. अर्थ अखंड असतो, तो एकदम उलगडतो. वर्ण हे आपण अभ्यासासाठी पाडलेले तुकडे.

आता पहिलीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. एक बाई फळ्यावर ‘क’, ‘म’, ‘ल’ लिहून घेतात. दुसऱ्या बाई चित्राखाली अख्खा शब्द दाखवतात आणि म्हणतात, वाचा. पहिल्या बाई मीमांसक, दुसऱ्या भर्तृहरीच्या बाजूच्या! इंग्रजीच्या जगातही हेच भांडण झालं. १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी अख्खे शब्द पाठ करवण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहून टीका केली. २००० साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीने उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं, की अक्षर आणि ध्वनी यांचं नातं पद्धतशीर शिकवल्याने मुलांना फायदा होतो.

मग आपणही तेच उचलावं का? जरा थांबू या. आपली लिपी वेगळी आहे. इंग्रजीत २६ अक्षरं. आपल्याकडे ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशेच्या वर आकार होतात. जोडाक्षरं वेगळीच. एकट्या ‘र’चं बघा: ‘राम’मधला, ‘सूर्य’मधला, ‘प्रकाश’मधला, ‘ट्रक’मधला आणि ‘तऱ्हा’मधला. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण तोंडात ‘क’ आधी येतो. सहा वर्षांच्या मुलाला हे सगळं सांभाळायचं असतं.

आणि ‘मराठी जशी लिहितात तशीच बोलतात’ हेही अर्धंच खरं. ‘सरक’ म्हणताना ‘र’मधला ‘अ’ ऐकू येतो, ‘सरकार’ म्हणताना येत नाही. ‘चार आंबे’ आणि ‘गुरांचा चारा’ यांतला ‘च’ कागदावर एकच, उच्चारात दोन. कोणता कुठे, हे अक्षर सांगत नाही. ज्या मुलाला तो शब्द आधीपासून ठाऊक आहे, त्यालाच ते कळतं. म्हणजे मुलाने अक्षरांवरून शब्दाजवळ पोचायचं आणि ओळखीच्या शब्दाने अक्षरांचा नेमका उच्चार ठरवायचा. शबरस्वामी आणि भर्तृहरी, दोघांचीही गरज लागते ती इथे.

आता हे आपल्या ट्रॉम्ब्यात आणू. इथे कोळीवाडा आहे. १९७६ साली जनता कॉलनीतून उठवलेल्या कुटुंबांचा चीता कॅम्प आहे. पलीकडे अणुशक्तीनगर. एका मैलात कोळी, प्रमाण मराठी, तमिळ, उर्दू, हिंदी कानावर पडतात. चीता कॅम्पातल्या तमिळ घरातलं मूल मराठी वर्गात बसलं तर ‘चारा’ हा शब्द त्याने ऐकलेलाच नसतो. त्याने अक्षरं नीट जुळवली तरी पुढे भिंत.

आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही एका वर्गात मुलांचं वाचन ऐकायला बसत असू. कोळीवाड्यातली एक मुलगी ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोला’ वाचत होती. आम्ही दर वेळी टोकलं. चौथ्या वेळी तिने पुस्तक मिटलं, आणि त्या महिन्यात पुन्हा आमच्यापुढे उघडलं नाही. नंतर लक्षात आलं, की ती बरोबर वाचत होती! अक्षर ओळखत होती, शब्द ओळखत होती, अर्थ जाणत होती. फक्त तिच्या घरी पाण्याला पानीच म्हणतात. आम्ही उच्चार तपासत होतो आणि त्याला वाचन समजत होतो.

मग करायचं काय? महाराष्ट्रात चांगलं काम झालेलं आहे. मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन फलटणला स्थायिक झाल्या आणि १९८४ मध्ये तिथे प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. वाड्याजवळ सोनाळ्याला नीलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था लहान मुलांच्या भाषाशिक्षणावर काम करते. अशा कामातून पुढे आलेली वाट साधी आहे: अक्षरांचे छोटे गट. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत थांबायचंच नाही. ‘क’, ‘म’, ‘ल’, ‘न’ आणि एक काना हाती आला, की ‘काम’, ‘मामा’, ‘नाक’, ‘कान’, ‘लाल’, ‘कमान’ तयार. पहिल्याच आठवड्यात मूल खरा शब्द वाचतं. सोबत रोज गोष्ट वाचून दाखवायची, म्हणजे शब्दांचा साठा वाढत राहतो.

घरी करून बघण्यासारख्या तीन गोष्टी. एक, मुलाला ‘काटम’सारखे निरर्थक शब्द वाचायला द्या. ते जमले तर अक्षरं पक्की; ओळखीचे जमतात पण हे जमत नाहीत, तर मूल अंदाजाने वाचतंय. दोन, शब्द वाचून झाला की म्हणजे काय ते विचारा, घरच्या भाषेत सांगितलं तरी चालेल. तीन, घरचा उच्चार आला तर वाचन थांबवू नका. लिहिताना ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक वेगळा शिकवता येतो.

हे सगळं एवढ्या कळकळीने का सांगतोय? ‘असर’ हे ग्रामीण भारताचं सर्वेक्षण २००५ पासून होतं. पाचवीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होतं. शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांवर आलं. पाचवीतल्या ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याला इतिहास, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळीच दारं बंद होतात. आणि बहुतेक वेळा आपण त्या मुलालाच ‘कच्चा’ म्हणून मोकळे होतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखादं मूल अडखळलं, तर आधी स्वतःला विचारू या: ते अक्षरापाशी अडलंय, शब्दापाशी, की आपल्या टोकण्यापाशी? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत.