डांबरी सडक आणि मुरमाची वाट

सायकल ही चढून बसण्याची वस्तू आहे, तिच्यावर बोलायचे ते काय, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. पुण्याच्या माणसाला सायकल शिकवणे म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवण्यासारखे आहे, असेही कुणी म्हणेल. एके काळी ते खरे होते. कारकून कचेरीत, मास्तर शाळेत आणि कॉलेजातल्या मुली वर्गात सायकलवरूनच जात. सायकलला बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि डबलसीट जाताना पोलीस दिसला की मागच्याला टुणकन उडी मारावी लागे. आज त्याच रस्त्यांवर सायकल शोधावी लागते. मात्र गंमत अशी, की रविवारी पहाटे पाच वाजता घराबाहेर पडले तर ती पुन्हा दिसते. खडकवासल्याकडे, कात्रजकडे, बोपदेव घाटाकडे सायकलस्वारांच्या रांगा निघालेल्या असतात. सायकल गावातून गेली आणि गावाबाहेर जाऊन उभी राहिली. असे का झाले आणि त्यात आपले काय चालले आहे, हे आपल्यापुढे मांडण्याचा आमचा विचार आहे. आम्ही काही या विषयातले पंडित नव्हे. काही वर्षे दर रविवारी एकत्र निघणारी आम्ही चार-सहा माणसे आहोत, आणि जे बोलतो आहोत ते पुष्कळसे पायांनी शिकलेले आहे.

प्रथम भूगोल पाहू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर एका खोलगट ताटात वसले आहे आणि ताटाचे काठ म्हणजे भोवतालचे डोंगर. त्यामुळे ताटाच्या तळात फिरायचे असेल तर रस्ता सपाट, आणि काठावर जायचे म्हटले की घाट, अशी येथील सायकलस्वाराची सरळ विभागणी आहे. स्वारगेटपासून सिंहगड रस्त्याने खडकवासला धरण पंधरा-सतरा किलोमीटर आहे. रस्ता जवळजवळ सपाट असल्याने नवशिक्याला यापरता चांगला धडा नाही. अट एवढीच, की वाहनांची गर्दी सुरू होण्यापूर्वी परत यावे. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले, ही हकीकत येथील ज्येष्ठांना सांगायला नको. पण धरणाच्या काठी सायकल टेकवून उभे राहिले आणि नंतर उताराने गावाकडे निघाले, म्हणजे पाणी कोणत्या वाटेने आले असेल हे पुस्तकाशिवाय कळते.

दक्षिणेला कात्रजचा जुना घाट आहे. सातारा रस्त्याची मुख्य वाहतूक नव्या बोगद्याने जाते, तरी जुन्या बोगद्याची वाट अजून आहे. पायथ्याशी कात्रजचा तलाव आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात येथूनच नळाने पाणी शहरात आणले होते. आग्नेयेला कोंढव्याकडून बोपदेव घाट चढला की आपण पुरंदरच्या पठारावर येतो आणि पुढे सासवड लागते. सोपानदेवांची समाधी, अंजिरांच्या बागा आणि एखाद्या टपरीवरची मिसळ, इतके असताना सासवडला जायला वेगळे कारण कशाला हवे? आणि या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे सिंहगडाचा घाट. पायथ्यापासून वर गाड्या थांबतात तेथपर्यंत आठ-नऊ किलोमीटरची ही चढण आहे.

आता चढणीचा हिशोब करू, कारण घाटाची भीती हिशोबाने अर्धी होते. शंभर मीटर पुढे गेल्यावर सात मीटर वर जाणारा रस्ता घ्या. सिंहगडाची चढण साधारण अशीच आहे. आपल्या वडिलांच्या साध्या सायकलीला पायडलाकडे ४४ दात आणि मागच्या चाकाकडे १८ दात असत. पायडल एकदा फिरले की ती सव्वापाच मीटर पुढे जाई; म्हणजे या चढावर दर फेऱ्याला अंगासकट सायकल छत्तीस-सदतीस सेंटीमीटर वर उचलायची. जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढण्यासारखे हे काम आहे. गिअरच्या सायकलीत पुढचे-मागचे दात सारखे करता येतात. मग एका फेऱ्यात दोन मीटरांहून थोडेच अधिक अंतर कापले जाते आणि चढ पंधरा सेंटीमीटरांचा, म्हणजे एका पायरीचा राहतो. गिअर शक्ती देत नाही, शक्ती आपलीच. तो फक्त मोठा घास मोडून लहान घास करून देतो. वेळ अधिक लागतो, पण ठसका लागत नाही.

माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले आणि ५०० मीटर उंची चढली, तर सुमारे ३९० किलोज्यूल एवढे काम होते. आपले शरीर खाल्लेल्या अन्नापैकी साधारण चौथा हिस्साच अशा कामात लावू शकते, बाकीच्याचा घाम होतो. त्या हिशोबाने ही चढण तीन-चार भाकऱ्यांची आहे. म्हणून रिकाम्या पोटी घाट चढू नये, आणि चढलो म्हणून वर जाऊन दहा भज्यांच्या प्लेटीही मागवू नयेत. आमच्यातल्या एकाला हे दुसरे वाक्य अजून पटलेले नाही.

पण घाटाचा खरा धोका चढताना नाही, उतरताना आहे. चढताना अंगात साठवलेले ते ३९० किलोज्यूल उतरताना कुठे तरी खर्च व्हायलाच हवेत. काही वारा खातो, उरलेले ब्रेकने खायचे. ही उष्णता किती, तर सव्वा लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी! ब्रेक सतत दाबून धरला तर ती सगळी रबराच्या चार तुकड्यांत आणि चाकाच्या धावेत जाते. म्हणून जाणते लोक ब्रेक दाबून सोडतात, दाबून सोडतात, आणि वळण येण्याच्या आधी वेग कमी करतात, वळणात नव्हे. वळणात चाकाची पकड वळण्यासाठी लागते; तिच्याकडूनच थांबण्याचेही काम मागितले की ती दोन्ही कामे सोडते.

हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. सिंहगडावरून उतरताना आमचा एक सोबती वळणाच्या कडेला पसरलेल्या खडीवर गेला, घाबरून पुढचा ब्रेक आवळला आणि हँडलवरून पलीकडे पडला. गळ्याचे हाड मोडले. मागून मोटार येत नव्हती, म्हणून हाडावर निभावले. त्या सकाळी रस्त्याच्या कडेला त्याचा हात उपरण्याने गळ्यात बांधताना आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले नाही; कारण आधीच्या वळणावर 'चल, कोण पुढे पोचतो बघू' म्हणणारे आम्हीच होतो. त्या दिवसापासून आमच्यात उतारावर शर्यत नाही. शिरस्त्राण घातल्याशिवाय कुणी निघत नाही, आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाचे ब्रेक दुसऱ्याने तपासायचे असतात. स्वतःच्या सायकलीचे दोष माणसाला दिसत नाहीत, स्वतःच्या स्वभावाचे दिसत नाहीत तसेच.

येथवर डांबरी सडकेची गोष्ट झाली. आता मुरमाची वाट. सायकलीचे रस्त्याशी नाते जुळते ते टायरमधल्या हवेने. १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी जोडलेली सायकल काढली; आजच्या सायकलीचा सांगाडा तोच आहे. पण तिची चाके भरीव रबराची होती आणि दगडी रस्त्यावर बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. १८८८ साली बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेल्या नळ्या बसवल्या आणि जगाची चाके मऊ झाली. सडकेवरच्या अरुंद टायरमध्ये ९० पौंड हवा भरली, तर एका चाकावरच्या चाळीस किलो वजनाखाली तो सहा-सात चौरस सेंटीमीटर टेकतो. म्हणजे आपले प्राण टपालाच्या एकेका तिकिटावर तोललेले असतात! गुळगुळीत डांबरावर हे उत्तम, कारण टायर कमी चेपतो आणि श्रम वाचतात. पण मुरमावर हाच कडक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो. तेथे रुंद टायर आणि तीसेक पौंड हवा हवी. मग तोच टायर तिप्पट जागेवर टेकतो, खड्याला पोटात घेतो आणि पकड सोडत नाही.

डोंगरवाटेच्या सायकली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात १९७० नंतरच्या दशकात नावारूपाला आल्या. तेथली तरुण मुले माउंट टॅमलपैसच्या परिसरातल्या मातीच्या वाटांवरून जुन्या जड सायकली घेऊन उतरत. त्यांचे ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असत. एका उतरणीतच ते इतके तापत की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली आल्यावर तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. १९७६ साली तेथे सुरू झालेल्या शर्यतीला 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', हे नाव पडले ते यावरूनच. आमचा सव्वा लिटर पाण्याचा हिशोब तेथे असा धुराने सिद्ध झाला होता.

आपल्याकडे असा मुलूख शोधायला कॅलिफोर्नियात जावे लागत नाही. वेताळ टेकडी सुमारे आठशे मीटर उंच, शहराच्या ऐन मध्यात. तिच्या पलीकडे पाषाण-बाणेरच्या टेकड्या आणि दक्षिणेला तळजाई. खाली काळा कातळ, वर वीतभर माती आणि मुरूम. कोरड्या दिवसांत हा मुरूम ज्वारीच्या दाण्यांसारखा चाकाखाली घरंगळतो. चढताना पुढे झुकावे तर मागचे चाक जागीच फिरते, मागे रेलावे तर पुढचे उचलते. अंग सैल, नजर चार हात पुढे आणि वजन मध्यावर, एवढे जमले की वाट आपली होते. बाभळीचा काटा मात्र कुणाचाच होत नाही. जादा ट्यूब, पंप, सोल्यूशन आणि ठिगळ यांवाचून टेकडीवर जाणारा माणूस सायकल खांद्यावर घेऊन परत येतो.

आता ज्यासाठी हे सारे सांगितले त्या मुद्द्याकडे येतो. टेकडीवरची माती पातळ आहे. ओल्या मातीतून चाक गेले, किंवा उतारावर ब्रेक लावून मागचे चाक घसरवत नेले, की एक बारीक चर पडते. पावसाचे पाणी तीच चर धरते, खोल करते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिची घळ होते. माती वाहून गेली की गवत जाते, आणि गवत गेले की जे पाणी थांबून कातळाच्या फटींतून खाली मुरले असते ते धावत नाल्यात जाते. शहराच्या विहिरी आणि बोअर यांना हाच डोंगर पाणी पाजतो. म्हणजे आमची रविवारची गंमत आपल्या तळघरातल्या रांजणाला छिद्र पाडू शकते. म्हणून आम्ही काही नेम पाळतो. भर पावसात आणि नंतर माती वाळेपर्यंत टेकडीवर चाक न्यायचे नाही. नवी वाट पाडायची नाही. जेथे मनाई असेल तेथे पाटी वाचून मागे फिरायचे. आणि पायी चालणारा दिसला की आपण उतरायचे, त्याने बाजूला व्हायचे नाही. पहाटे काठी टेकत येणाऱ्या आजोबांचा टेकडीवरचा हक्क आमच्या गिअरांहून जुना आहे.

कुणी विचारील, एवढे नेम पाळून टेकडीवर जायचेच कशाला? आमचे उत्तर असे की, ज्या डोंगरावर आपण कधी पाय ठेवला नाही त्याच्यावरून रस्ता काढला किंवा त्याच्या पोटात इमारत घातली तरी आपल्याला काही वाटत नाही. ज्याची प्रत्येक चढण मांड्यांना ठाऊक आहे त्याच्याबद्दल वाटते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. २०१७ साली पुण्याचा सायकल-आराखडा मंजूर झाला. शहरातल्या कित्येक रस्त्यांच्या कडेला त्यापूर्वीही सायकलींसाठी वेगळे पट्टे बांधले गेले होते. त्यांवरून आम्ही एकदा मुद्दाम फिरलो. पट्टा मध्येच झाडाशी संपतो, मध्येच खांब येतो, आणि बाकीच्या जागेत स्कूटर उभ्या असतात. त्या स्कूटर कुणाच्या, हे पाहत चाललो, तर त्यांतली एक आमच्यापैकीच एकाच्या घरची निघाली! तेव्हापासून आम्ही दुसऱ्याला दोष देताना आवाज जरा खाली ठेवतो.

सिंहगड चढणारा सायकलस्वार कितीही कौतुकाचा असला तरी शहराची परीक्षा त्याच्यावर होत नाही. बारा वर्षांची मुलगी दप्तर कॅरिअरला लावून एकटी शाळेत जाऊ शकते का, आणि तिची आई तिला निर्धास्त पाठवू शकते का, यावर ती होते. आज बहुतेक घरांतले उत्तर 'नाही' असे आहे, आणि म्हणूनच सायकल रविवारपुरती उरली आहे. ती पुन्हा सोमवारी रस्त्यावर यायची असेल तर पट्टे अखंड हवेत, चौकात सायकलीला आधी निघू देणारी व्यवस्था हवी, आणि त्या पट्ट्यावर आपण आपले वाहन 'दोन मिनिटांसाठी' उभे करता कामा नये. पहिल्या दोन गोष्टी मागायच्या आहेत. तिसरी मागावी लागत नाही. ती येथून घरी जाताना करता येते.

मोडलेले हाड जुळल्यावर आमचा तो सोबती परत आला. पहिल्याच रविवारी त्याने आपल्या नातीला बरोबर आणले आणि आम्ही सिंहगडाचा बेत रद्द करून तिच्या वेगाने खडकवासल्यापर्यंत गेलो. दीड तास लागला. इतक्या हळू आम्ही कधी गेलो नव्हतो, आणि इतके चांगले कधी पोचलोही नव्हतो.