भिंतीवरचा क्रूस कोणाचा?

उत्तर इटलीत पादुआ शहराजवळ आबानो तेर्मे नावाचं गाव आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखलं जाणारं. २००२ साली तिथल्या सरकारी शाळेत पालकांची सभा भरली होती. एका वडिलांनी विचारलं, वर्गावर्गात क्रूसावरचा येशू टांगलेला आहे तो कशासाठी? शाळा सरकारची आणि सरकार कुठल्याच धर्माचं नाही, तर तो उतरवता येईल का? शाळेने नकार दिला. मुलांच्या आई, मूळच्या फिनलंडच्या सोइले लाउत्सी, कोर्टात गेल्या. पुढची जवळपास नऊ वर्षं हे प्रकरण एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात फिरत राहिलं आणि अखेर स्त्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात पोचलं.

वर्गात क्रूस असावा हा नियम इटलीच्या एकीकरणाच्या वेळचा, १८६० सालचा. मुसोलिनीच्या राजवटीत १९२४ आणि १९२८ च्या फर्मानांनी तो पक्का झाला. व्हॅटिकनशी झालेल्या १९२९ च्या करारात कॅथलिक पंथ हाच राष्ट्राचा धर्म ठरला होता. १९८४ मध्ये व्हॅटिकनशी नवा करार झाला आणि तो दर्जा गेला. फर्मानं मात्र कोणी रद्द केली नाहीत. धर्म राज्यातून बाहेर पडला, त्याची खूण भिंतीवर राहिली.

मग तिचं समर्थन करायचं कसं? व्हेनेतोच्या प्रशासकीय न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं, की क्रूस हे इटलीच्या इतिहासाचं आणि संस्कृतीचं प्रतीक आहे. समतेचं, स्वातंत्र्याचं, सहिष्णुतेचं, इतकंच काय, राज्याच्या धर्मनिरपेक्षतेचंही प्रतीक आहे. रोमन साम्राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना ज्यावर खिळे ठोकून मारत, ज्याला श्रद्धावान तारणाची खूण मानतात, ते लाकूड असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसलं. हा निकाल वाचून गावचे पाद्रीही चक्रावले असतील.

२००९ मध्ये स्त्रासबुर्गच्या सात न्यायाधीशांनी एकमताने इटलीविरुद्ध निकाल दिला. युरोपात गदारोळ झाला. इटलीने अपील केलं आणि रशिया, ग्रीस, माल्टा, लिथुआनियासह दहा देश तिच्या बाजूने उभे राहिले. त्यांतल्या आठ देशांतर्फे बोलायला आले जोसेफ वाइलर, कायद्याचे प्राध्यापक आणि धर्माने यहुदी, डोक्यावर किप्पा घातलेले. त्यांचा मुद्दा टोकदार होता. एकाच्या मागणीवरून क्रूस उतरवलेली भिंतही मुलांना काहीतरी सांगतच असते. कोरी भिंत तटस्थ असते हे गृहीत धरू नका. २०११ मध्ये सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने १५ विरुद्ध २ मतांनी इटलीच्या बाजूने कौल दिला. क्रूस हे मुळात धार्मिक चिन्हच आहे, हे पीठाने मान्य केलं. पण ते निष्क्रिय चिन्ह आहे, भिंतीवरून ते कोणाला शिकवत नाही की प्रार्थनेला बसवत नाही, असंही म्हटलं.

क्रूस राहिला. पण हा विजय नेमका कोणाचा, असा प्रश्न एखाद्या भाविकाला पडला तर नवल नाही. ज्या खुणेने आयुष्य पालटतं असं तो मानतो, ती कोणावर फारसा परिणाम करत नाही म्हणून वाचली.

जर्मनीतल्या बव्हेरियात हीच गोष्ट उलट्या बाजूने घडली. वर्गात क्रूस सक्तीचा करणारा तिथला नियम जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९९५ मध्ये घटनाबाह्य ठरवला होता. लोक हजारोंनी म्युनिकच्या रस्त्यावर उतरले, विधिमंडळाने लगेच नवा कायदा केला: क्रूस राहील, पालकांनी सबळ कारणाने हरकत घेतली तर मुख्याध्यापक तोडगा काढतील. २०१८ च्या एप्रिलमध्ये, राज्याची निवडणूक काही महिन्यांवर असताना, मुख्यमंत्री मार्कुस झोडर यांनी फर्मान काढलं, की १ जूनपासून प्रत्येक सरकारी कार्यालयाच्या दाराशी क्रूस हवा. छायाचित्रकारांसमोर तो स्वतः भिंतीवर लावून दाखवला आणि हे धार्मिक चिन्ह नसून बव्हेरियाच्या ओळखीचं चिन्ह आहे, असं सांगितलं.

विरोध कोणी करावा? म्युनिकचे आर्चबिशप कार्डिनल राइनहार्ड मार्क्स यांनी. क्रूसाकडे केवळ संस्कृतीची खूण म्हणून पाहणाऱ्याला तो कळलाच नाही, हा तर सरकारने क्रूस बळकावण्याचा प्रकार झाला, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. निरीश्वरवाद्यांची संघटना कोर्टात गेली, तिचा दावा लाइपझिगच्या न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये फेटाळला. कारण पुन्हा तेच, निष्क्रिय चिन्ह.

गंमत अशी, की जर्मनीच्या सार्वजनिक जीवनात ख्रिस्ती धर्माचं खरं वजन भिंतीवर नाहीच. कॅथलिकांची ‘कारितास’ आणि प्रोटेस्टंटांची ‘दियाकोनी’ या दोन संस्था मिळून दहा लाखांहून अधिक माणसांना नोकरी देतात. रुग्णालयं, वृद्धाश्रम, बालवाड्या त्या चालवतात, आणि त्यांतला बराचसा पैसा सरकारी आणि विमा योजनांमधून येतो. दारातल्या क्रूसाची जेवढी छायाचित्रं निघाली, त्यांच्या पासंगाला पुरतील इतकीही या कामाची निघत नाहीत.

फ्रान्सचा हिशेब वेगळा. १९०५ च्या कायद्याने सार्वजनिक स्मारकांवर किंवा सार्वजनिक जागी नवं धार्मिक चिन्ह लावायला बंदी आहे. ब्रिटनीतल्या प्लोएर्मेल गावात चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांचा पुतळा होता, वर कमान, कमानीवर क्रूस. २०१७ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निकाल दिला, की पुतळा राहू द्या, क्रूस काढा. पोलंडच्या पंतप्रधानांनी पुतळा आपल्याकडे आणण्याची तयारी दाखवली. शेवटी तो क्रूसासकट जवळच्याच कॅथलिक मालकीच्या जागेत हलवण्यात आला. इटलीपेक्षा हे कठोर वाटेल, पण एका बाबतीत फ्रेंच न्यायालय सरळ वागलं: क्रूसाला त्याने क्रूसच म्हटलं.

आपल्याकडे वांद्र्यातल्या गल्ल्यांमध्ये १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत उभारलेले क्रूस आजही दिसतात. त्यांच्यापुढे मेणबत्त्या लागतात, हार चढतात. रस्तारुंदीचा विषय निघाला की तेही वादात सापडतात, पण ते ‘निष्क्रिय’ आहेत असं शेजाऱ्यांना पटवणं कोणालाही जड जाईल.

इटलीत वाद २०११ नंतरही संपला नाही. तेर्नी शहरातल्या एका शिक्षकाने त्याआधीच आपल्या तासापुरता वर्गातला क्रूस उतरवायला सुरुवात केली होती. विद्यार्थ्यांनी सभा घेऊन तो ठेवण्याच्या बाजूने मत दिलं होतं, मुख्याध्यापकांनी तसा आदेश काढला, आणि शिक्षकाला तीस दिवस निलंबित करण्यात आलं. २०२१ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. जुन्या फर्मानांचा अर्थही बदलला: क्रूस लावणं बंधनकारक नाही, त्यावर सरसकट बंदीही नाही. शाळेतल्या मंडळींनी ठरवावं, हवं तर इतर धर्मांची चिन्हंही लावावीत, आणि न पटणाऱ्याशी बोलून मधला मार्ग शोधावा. क्रूस भिंतीवर कुठे असावा आणि शिक्षकाच्या तासाला काय करावं, हे त्या वर्गाने आपसात ठरवायचं.