मांडव आधी, माठ नंतर

मे महिन्यात दुपारी 2 वाजता नवीन पनवेलच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या दोन स्कूटरच्या सीटना हात लावून पाहा. उन्हातली सीट हात टेकू देत नाही. करंजाखालची नुसती कोमट लागते. दोन्हींत अंतर पाच पावलांचं, हवाही जवळपास तीच. मग फरक कशाने पडला?

झाड दोन कामं करतं: मांडवाचं आणि माठाचं.

आधी मांडव. डांबरी रस्ता अंगावर पडलेलं 90 टक्क्यांच्या आसपास ऊन पिऊन टाकतो. भर दुपारी तो 60 अंशांच्या घरात तापतो. भिंती, गच्च्याही तापतात आणि ती ऊब रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात. झाडाचा डेरा हे ऊन वरच्यावर झेलतो. खाली थर्मामीटर फार तर एक-दोन अंश कमी दाखवेल, पण डोक्यावरचं ऊन आणि पायाखालची धग दोन्ही थांबतात. जिवाला बरं वाटतं ते त्यामुळे.

मग माठ. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवरच्या बारीक रंध्रांतून वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 0.67 युनिट उष्णता लागते. एखाद्या मोठ्या झाडाने दिवसभरात 100 लिटर पाणी सोडलं, तर हिशेब 67 युनिटांचा झाला. खोलीतून एवढी उष्णता काढायला दीड टनाचा एसी बारा-तेरा तास पुऱ्या ताकदीने चालवावा लागतो, आणि तो ती शेजारच्या गल्लीत ओततो.

पण पनवेल खाडीकाठचं. नागपुरात माठातलं पाणी जसं गार होतं तसं इथे होत नाही, कारण हवा आधीच दमट असते. घाम वाळत नाही, तशी पानांची वाफही मंदावते. म्हणून इथे पारा चाळिशीच्या खाली असला तरी ऊन जीवघेणं ठरतं. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानातल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जण दगावले. कोकणात झाडाचा मांडव मोलाचा, माठ त्याच्यामागून.

यावरून झाड कोणतं आणि कुठे लावायचं तेही ठरतं. गुलमोहर मे महिन्यात फुलांनी पेटतो, पण तेव्हा त्याची पालवी विरळ असते. करंजाला मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर नवी दाट पालवी येते. 1968 साली अभयारण्य झालेलं कर्नाळ्याचं रान कितीही घनदाट असो, त्याचा गारवा कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलपर्यंत पोचत नाही. रानाची थंडाई त्याच्या आसपासच राहते. सावली बसस्टॉपवर, शाळेच्या फाटकाशी, भाजीवाल्याच्या डोक्यावरच हवी.

आणि बुंध्याला पेव्हर ब्लॉक भिडवले, तर पाणी मुरत नाही, रंध्रं मिटतात, माठ कोरडा पडतो. पुढे डेरा वाळतो आणि मांडवही जातो. बुंध्याभोवती हातभर माती मोकळी ठेवायला फारसा खर्च येत नाही.

वीस वर्षांचं झाड तोडून पाच रोपं लावली, तर कागदावर झाडं वाढतात. दुपारी 2 वाजता मात्र त्या पाचांच्या सावलीत मिळून एक स्कूटरही मावत नाही.