आमचे फिरते घर
आजीचे गुडघे आखडलेत. एस.टी.त बसवत नाही. म्हणून बाबांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचेच घर केले! तळाला कडबा पसरला, म्हणजे दणके कमी बसतात. वर गोधड्या. बांबूच्या कामट्या वाकवून ताडपत्री बांधली. मुक्कामाला चाकांखाली दगड लावावाच, नाहीतर घर चालू लागते.

प्रकाशाला तापी-गोमाईचा संगम पाहिला. नंदुरबारला शिरीषकुमारांचे स्मारक पाहिले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीत तिरंगा घेतलेले शिरीषकुमार पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. तेव्हा ते शाळेत शिकत होते, म्हणजे आमच्या दादाएवढेच! आम्ही गप्पच झालो.

शेवटी सारंगखेडा. दत्तजयंतीच्या यात्रेतले घोडे पाहायचे होते, पण आजीला बहिणीकडे जायची घाई. सात वर्षांनी भेट! आजी ट्रॉलीतूनच ओरडली, "बैन, तू त म्हातारी व्हई गई!"