फक्त पंधरा नग शिल्लक!

टीव्हीवरच्या दुकानाबद्दल कोल्हापुरात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. कुणाच्या मावशीनं मिक्सर मागवला, आला भलताच डबा. कुणी छातीठोकपणे सांगतं, ‘ती निवेदिका स्वतः ते तेल कधीच लावत न्हाई.’ कुणाला चॅनल कुठल्या नटीचं होतं आणि ते का बुडालं याचा आतला तपशील तोंडपाठ. आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होतं: ‘जाऊ दे की, दीड हजारासाठी कोण मुंबईला हेलपाटे घालतंय?’

यातलं नट्यांबद्दलचं बोलणं करमणूक म्हणून सोडून देता येतं. शेवटचं वाक्य मात्र खिशाला चाट लावणारं आहे, आणि ते चूक आहे. त्याकडे येईनच, पण आधी पडद्यावरचा गडबडगुंडा.

‘हे थेट चालू असतं. बघा, नग कमी होत चाललेत.’

टीव्ही खरेदीचा जन्म झाला तेव्हा हे खरं होतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर नावाचं गाव आहे. १९७७ मध्ये तिथल्या एका रेडिओ केंद्राला एका जाहिरातदाराने पैशांऐवजी डबे उघडायची ११२ यंत्रं दिली. बॉब सर्कोस्टा या निवेदकाने ती प्रत्येकी ९ डॉलर ९५ सेंटला रेडिओवरूनच विकून टाकली. त्यातून पुढे ‘होम शॉपिंग नेटवर्क’ उभं राहिलं. तिथे नग खरोखरच मोजके होते. एकशे तेरावं यंत्र कुणाकडेच नव्हतं.

आपल्याकडे गोष्ट वेगळी निघाली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नापतोल’ या टीव्ही खरेदी कंपनीला १० लाख रुपयांचा दंड केला. कारण होतं दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि अनुचित व्यापारी प्रथा. जून २०२१ ते २५ जानेवारी २०२२ या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर या कंपनीविरुद्ध ३९९ तक्रारी आल्या होत्या. आदेशातला दंडाचा आकडा वर्तमानपत्रांत आला, पण मला त्याहून मोलाचे वाटतात ते पुढचे दोन निर्देश. एक: कार्यक्रम आधी चित्रित केलेला असेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि पडद्यावरचा साठा म्हणजे आत्ताचा साठा नव्हे, हेही सांगा. दोन: जी वस्तू पुढचे तीस दिवसही मिळणार आहे तिला ‘फक्त आज’ म्हणून कृत्रिम टंचाई दाखवणं ताबडतोब थांबवा. म्हणजे ‘फोन लावा, संपत आलंय’ ही घाई बऱ्याचदा चित्रीकरणाच्या दिवशीच उरकलेली असते. निवेदिकेचा दम लागलेला आवाजही त्याच दिवशीचा.

या आदेशावरून आणखी एक समज पसरला: कंपनीला दंड झाला, म्हणजे आता आपले पैसे परत येणार. तसं होत नाही. दंड सरकारजमा होतो. कंपनीने प्रलंबित तक्रारी निकाली काढून अहवाल द्यावा असं प्राधिकरणाने बजावलं होतं, हे खरं; पण ज्याने तक्रारच केली नाही त्याच्या दारात कुणी पैसे आणून देत नाही.

आता नटनट्या. कट्ट्यावर ठरलेली कथा अशी: शिल्पा शेट्टीचं चॅनल होतं, गिऱ्हाइकांना गंडवलं, म्हणून केस झाली. यातला एकेक धागा सुटा करून बघावा लागतो. शिल्पा शेट्टी यांचे पती राज कुंद्रा आणि अभिनेते अक्षय कुमार यांनी २०१५ मध्ये ‘बेस्ट डील टीव्ही’ सुरू केलं. नटनट्याच माल विकतील, ही त्याची कल्पना. शिल्पा शेट्टी कंपनीच्या संचालक होत्या. चॅनल फार चाललं नाही. नोटाबंदीचा फटका बसल्याचं कुंद्रांचं म्हणणं आहे, आणि ते अगदीच फेकून देण्याजोगं नाही, कारण हा सगळा धंदा दारात रोख पैसे मोजण्यावर उभा होता. पुढे २०१७ मध्ये भिवंडीत गुन्हा नोंदला गेला. तक्रारदार गिऱ्हाईक नव्हता, चादरी पुरवणारा कापड व्यावसायिक होता. त्याचा आरोप असा की चादरी विकल्या गेल्या, गिऱ्हाइकांचे पैसेही जमा झाले, पण आपले सुमारे २४ लाख आले नाहीत. मग ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे शेट्टी-कुंद्रा यांच्याविरुद्ध सुमारे ६० कोटींच्या फसवणुकीची तक्रार नोंदली गेली. तिथेही तक्रारदार पैसे गुंतवणारा व्यावसायिक. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोघांनी परदेशी जाण्याची परवानगी मागितली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने आधी ६० कोटी भरा असं सुनावलं. दोन्ही प्रकरणांत शेट्टी-कुंद्रा यांनी आरोप नाकारले आहेत. गुन्हा नोंदला म्हणजे तो शाबीत झाला असं होत नाही, हे कट्ट्यावर कुणी ऐकून घेत नाही, पण लिहिताना सांगायलाच हवं.

थोडक्यात, गाजलेले खटले बहुतेक पुरवठादार आणि गुंतवणूकदारांचे आहेत. आपल्या मावशीच्या मिक्सरशी त्यांचा काही संबंध नाही.

पण चेहरा भाड्याने देणारा माणूस अगदीच मोकळा सुटतो, हाही गैरसमजच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २१ नुसार खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. वर एक वर्षापर्यंत, आणि दुसऱ्यांदा तीन वर्षांपर्यंत, जाहिरात करायला बंदी. पळवाट एकच: दाव्याची योग्य ती खातरजमा आपण केली होती, हे दाखवता आलं पाहिजे. तुरुंगाची तरतूद मात्र उत्पादक किंवा सेवा देणाऱ्यासाठी आहे, नटासाठी नाही. ‘आता त्याला आत टाकणार’ वगैरे बातम्या वाचताना एवढं ध्यानात ठेवावं.

‘यंत्र-ताईत विकणं म्हणजे श्रद्धेचा मामला. त्यात कोर्ट काय करणार?’

मराठी माणसाच्या दृष्टीने या सगळ्यातला खरा मोठा निकाल इथे आहे, आणि गंमत म्हणजे त्याची चर्चा सर्वांत कमी. दागिन्यासारखं घडवलेलं हनुमान चालीसा यंत्र, हिमालयात सिद्धी मिळालेल्या बाबाचं, ते घातलं की अडचणी पळाल्या, नोकरी लागली, धंदा वाढला. आणि हे सांगायला ओळखीचे गायक-अभिनेते. औरंगाबादच्या एका शिक्षकाने ही जाहिरात पाहिली आणि २०१५ मध्ये थेट उच्च न्यायालयात धाव घेतली. ५ जानेवारी २०२१ रोजी औरंगाबाद खंडपीठाने निकाल दिला: एखाद्या वस्तूत चमत्कारी, दैवी शक्ती आहे अशी जाहिरात करून ती विकणं महाराष्ट्रात बेकायदा आहे, मग देव कुठलाही असो आणि बाबा कुठलाही. आधार होता जादूटोणाविरोधी कायद्याच्या कलम ३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर आधी अध्यादेश आला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला, तोच हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. अशा जाहिराती राज्यात दिसू नयेत म्हणून मुंबईत स्वतंत्र कक्ष उभारा, असंही केंद्र आणि राज्य सरकारला सांगितलं गेलं.

लोक म्हणतात, चॅनलवाले नुसती जाहिरात दाखवतात, त्यांचा काय दोष. त्याचंही उत्तर इथे मिळतं. चमत्काराचा प्रचार हाच या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि प्रचार पडद्यावरूनच होतो. शिवाय केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतही चमत्कारी गुणधर्म सुचवणाऱ्या जाहिरातींना मनाई आहेच. एका शिक्षकाच्या चिकाटीवर एवढं घडलं. प्रबोधनाचा वारसा सांगणाऱ्या आपल्या गावात हा निकाल शाळाशाळांत वाचून दाखवायला हवा होता, असं मला वाटतं.

उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि मधुमेह मुळासकट घालवणारे काढे यांना तर फार जुना कायदा लागू आहे. १९५४ च्या औषधे आणि चमत्कारी उपाय कायद्याच्या यादीत मधुमेह, लठ्ठपणा, उंची हे सगळं आहे. या गोष्टींवर औषध म्हणून जाहिरातच करता येत नाही. ‘आयुर्वेदिक आहे, चालतं’ हे उत्तर कायद्याला पटत नाही.

दागिन्यांबाबत गुजरीच्या सराफ बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या गावाला काय शिकवायचं! तरीही टीव्हीवर ‘गोल्ड’ म्हटलं की भलेभले फसतात. वर सांगितलेल्या नापतोल प्रकरणातल्या वस्तूंमध्ये ‘गोल्ड’ नावाने विकलेला दागिन्यांचा संच होता, गुडघ्याचा चुंबकीय पट्टा आणि ॲक्युप्रेशर चपलाही होत्या. सोन्याच्या दागिन्यावर बीआयएसची खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी असतो. तो नसेल तर पडद्यावर काहीही लिहिलेलं असो, आपल्या भाषेत ते बेन्टेक्स.

मग खरेदीनंतर काही महिन्यांनी पोस्टाने एक पाकीट येतं. आत स्क्रॅच कार्ड, खरवडलं की मोटार लागलेली, आणि ती मिळवायला आधी ‘जीएसटी’ भरायचा. इथे अफवा उलटी आहे: ‘कंपनीच फसवते.’ अनेक राज्यांच्या पोलिसांनी पकडलेल्या टोळ्या या खरेदी कंपन्यांचं नाव वापरणाऱ्या भामट्यांच्या होत्या. गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर त्यांच्या हाती कसे लागतात, हा प्रश्न मात्र कंपन्यांना विचारलाच पाहिजे. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा.

आणि आता ते मुंबईचे हेलपाटे.

ही समजूत हवेतून आलेली नाही. १९८६ च्या जुन्या कायद्यात तक्रार मुख्यतः विक्रेता जिथे आहे किंवा व्यवहाराचं कारण जिथे घडलं तिथे करावी लागे, आणि कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला ‘आम्ही या मंचाच्या हद्दीत येत नाही’ म्हणून अर्ज टाकी. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘न्यायक्षेत्र फक्त मुंबई’ छापलेलं. माणूस तिथेच गार. पण जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. आजऱ्याच्या गिऱ्हाइकाने दिल्लीच्या कंपनीविरुद्ध कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावं. शिवाय ‘माल विकत घेणे’ याच्या व्याख्येत टेलिशॉपिंगचा नाव घेऊन समावेश केलेला आहे, त्यामुळे ‘हा व्यवहार फोनवर झाला, याला कायदा लागू नाही’ हेही चालत नाही. आणि कलम १०० नुसार हा उपाय इतर कायद्यांच्या जोडीला आहे. बिलावरच्या एका ओळीने तो पुसला जात नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून नवीच गल्लत कानावर येते: आता अशा केसेस तिथे टाकायच्या. नाही. सहा जिल्ह्यांच्या त्या बेंचचं काम वेगळं. पार्सलाची तक्रार जिल्हा आयोगातच, आणि तिथून अपील राज्य आयोगाकडे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही. वकील सक्तीचा नाही. कायदा तीन महिन्यांत निकाल द्यावा म्हणतो, वस्तू तपासावी लागली तर पाच; प्रत्यक्षात तारखा लांबतात, हेही खोटं नाही. म्हणून आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघावी, पुष्कळ कंपन्या तेवढ्यावरच हलतात.

‘आवडलं नाही तर परत करता येतं, कायदाच आहे’ हा मात्र गिऱ्हाइकाच्या बाजूचा गैरसमज. युरोपीय संघात घरबसल्या केलेल्या खरेदीवर चौदा दिवसांत मन बदलता येतं. आपल्याकडे तसा सरसकट हक्क नाही. वस्तू सदोष असेल तर बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. साडीचा रंग पडद्यावर मोरपंखी वाटला आणि हातात हिरवा आला, यावर वाद होऊ शकतो. साडी फाटकी आली, यावर होत नाही.

पार्सल घेताना बहुतेक जण चूक करतात ती पाकीट फेकून देण्याची. पडद्यावरचं नाव एक, बिलावरचा विक्रेता दुसरा आणि पैसे घेऊन जाणारा कुरिअरवाला तिसराच. तक्रारीत सामनेवाला कोण लिहायचा ते त्या पाकिटावरच्या लेबलवर असतं. लेबल, बिल, ऑर्डरचा मेसेज, उघडतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ, एवढं जपलं की पुरे. आत बिलच नसेल तर बिल न देणं हीदेखील कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेही तक्रारीत लिहावं. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची.