खडकातले पाणी आणि त्याचा हिशेब

जमिनीखालच्या पाण्याविषयी आपल्यापैकी पुष्कळांची एक सोयीस्कर समजूत असते. वरचे पाणी आटले तरी खाली कोठेतरी अखंड साठा आहे आणि पुरेसे खोल गेले की तो हाती लागणारच, अशी ती समजूत होय. मुळशी तालुक्यातील महाळुंगे गावाचे उदाहरण घेऊन ती तपासून पाहू.

महाळुंगे मुळा नदीच्या काठी वसले आहे. दक्षिणेस बाणेर-सूसच्या टेकड्या आहेत. ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत आलेल्या २३ गावांपैकी ते एक. शेतांच्या जागी तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या. अशा नव्या वस्तीत नळाचे पाणी अपुरे पडले की विंधणविहीर आणि टँकर हेच आधार उरतात. आणि टँकरचे पाणी तरी पुष्कळदा कोणाच्या तरी विहिरीतलेच असते.

आता या भूमीची घडण पाहा. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले व निवाले, त्यांचा हा खडक. वाळूच्या थरात कणाकणांमध्ये पाणी राहते, तसे येथे राहत नाही. येथे पाणी साठते ते वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि कातळाच्या भेगांत. घट्ट कातळ जवळजवळ कोरडाच. म्हणून या खडकातून काढता येण्याजोगे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्केच भरते.

या आकड्याचा अर्थ थोडक्या गणिताने उमगेल. पुणे शहरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला दहावा भाग मुरला असे धरू. म्हणजे ७० मिलिमीटर. खडकाची धारणशक्ती २ टक्के धरली, तर एवढ्याने विहिरीची पातळी साडेतीन मीटर चढते. श्रावणात विहीर काठोकाठ भरते ती यामुळे. परंतु तेवढेच पाणी उपसले की पातळी तितकीच खाली जाते. भांडे लहान असले म्हणजे ते भरतेही लवकर आणि रितेही लवकर होते.

मग खोल का जाऊ नये? खोलीबरोबर भेगा सामान्यतः कमी होतात. खोल छिद्राने नवे पाणी निर्माण होत नाही. पुष्कळदा वरच्या थरातले, म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीचेच पाणी खाली ओढले जाते. खाली जुना साठा लागलाच, तर तो एकदा संपल्यावर भरून येण्यास फार काळ लागतो.

यावर उपाय पुनर्भरणाचा. १०० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पावसाचे ७० हजार लिटर पाणी पडते. ते गाळून जमिनीत घातले तर मोठे काम होईल. मात्र खड्डा कोठेही खणून भागत नाही. घट्ट कातळावरच्या खड्ड्यात पाणी नुसते तुंबते; मुरूम किंवा भेगाळ थर जेथे उघडा पडतो तेथे ते मुरते. असे थर पुष्कळदा टेकडीच्या उतारावर व ओढ्याच्या पात्रात असतात. त्यांवर काँक्रीट घातले, तर खालच्या सोसायटीने खणलेले खड्डे ती हानी भरून काढू शकत नाहीत. सांडपाणी मात्र या वाटेने कधीही सोडू नये. एकदा नासलेला झरा सहजासहजी शुद्ध होत नाही.

शेवटचा प्रश्न मालकीचा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीच्या मालकाला तिच्याखालचे पाणी घेण्याची मुभा दिली. परंतु पाणी सात-बाराचा उतारा पाहून थांबत नाही. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने उपशाच्या नियमनाची तरतूद केली खरी. तथापि कायद्याच्या पाठीशी लोकांची संमती लागते. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, हिवरेबाजारने ती मिळवून दाखवली. पुण्याहून कमी पावसाच्या त्या गावाने शेतीसाठी विंधणविहिरी बंद केल्या, आणि पडलेला पाऊस मोजून पिके ठरवण्याची प्रथा पाडली.

शहराला पिके ठरवायची नाहीत. पण पाऊस मोजता येतो, विहिरीची पातळी दरमहा भिंतीवर लिहिता येते आणि त्यावरून उपसा ठरवता येतो. बँकेतली शिल्लक पाहिल्याशिवाय आपण धनादेश लिहीत नाही. खडकातल्या शिलकेबाबत निदान तेवढी सावधगिरी आपण बाळगली पाहिजे; कारण हे खाते एकट्याचे नसून साऱ्या वस्तीचे आहे.